परिचर्या शिक्षणानंतरची पहिली नोकरी : परिचयपत्राचा आशय आणि अध्यापकांचे कार्य

प्रस्तावना

परिचर्येचा अभ्यासक्रम पूर्ण केलेली विद्यार्थिनी पहिल्या नोकरीसाठी अर्ज करते, तेव्हा तिच्याजवळ गुणपत्रके, परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र आणि कोणाकडून तरी टंकलिखित करून घेतलेले दोन पानांचे परिचयपत्र असते. या परिचयपत्रात ‘अनुभव’ या शीर्षकापुढे बहुधा ‘नाही’ किंवा ‘फ्रेशर’ असा शब्द आढळतो. वास्तविक बी.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थिनीने पदवी मिळेपर्यंत वॉर्डात, प्रसूतिकक्षात आणि आरोग्य केंद्रांत दोन हजारांहून अधिक तास काढलेले असतात. वाणिज्य किंवा कला शाखेच्या पदवीधराला ‘अनुभव नाही’ असे म्हणता येईल. परिचर्येच्या पदवीधराला ते लागू पडत नाही. जे तिने केले आहे तेच ती कागदावर आणत नाही, आणि ते आणावे असे तिला कोणी सांगितलेलेही नसते. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

हा विषय परिचर्या महाविद्यालयांपुरता मर्यादित आहे असे वाटण्याचा संभव आहे. परंतु अनेक पारंपरिक महाविद्यालयांतून आज वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञान, क्ष-किरण तंत्रज्ञान, रुग्णसाहाय्य यांसारखे पदविका व प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालविले जातात. नोकरी मार्गदर्शन कक्षाचे काम तर भाषा, अर्थशास्त्र किंवा ग्रंथालयशास्त्राच्या अध्यापकाकडेच बहुधा सोपविलेले असते. त्या अध्यापकाला व्यवस्थापन शाखेच्या परिचयपत्राचा नमुना ठाऊक असतो, आणि तोच नमुना सर्वांना दिला जातो. आरोग्यसेवेतील नोकरीचे गणित मात्र निराळे आहे. विवेचनाच्या सोयीसाठी येथे ‘विद्यार्थिनी’ असा उल्लेख केला असला, तरी या क्षेत्रात पुरुषही आहेत आणि पुढील बहुतेक बाबी त्यांनाही लागू आहेत.

‘बायोडाटा’ आणि परिचयपत्र

मराठी घरात ‘बायोडाटा’ हा शब्द प्रथम येतो तो विवाहाच्या संदर्भात. उंची, रास, भावंडे, मामांचे गाव, वडिलांचा हुद्दा असा त्याचा क्रम ठरलेला असतो. तोच साचा नोकरीच्या अर्जातही नकळत उतरतो. परिचर्येच्या नव्या पदवीधरांच्या परिचयपत्रांत वडिलांचा व्यवसाय, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, आवडीनिवडी यांनी अर्धे पान व्यापलेले दिसते. उरलेल्या पानावर ‘मेहनती, प्रामाणिक, शिकण्याची तयारी’ अशी विशेषणे असतात. अधिसेविका जेव्हा एका सकाळी पन्नास अर्ज चाळते, तेव्हा यांतील एकाही शब्दाने तिला निर्णय घेण्यास मदत होत नाही. तिला तीनच गोष्टी पाहायच्या असतात : नोंदणी चालू आहे काय, कोणत्या विभागात किती काम केले आहे, आणि कोणत्या दिवसापासून रात्रपाळीस येता येईल.

म्हणून परिचयपत्राच्या पहिल्या सहा-सात ओळींत नाव, संपर्क, अर्हता, परिषदेचा नोंदणी क्रमांक व त्याची मुदत ही माहिती आली पाहिजे. गुणांच्या टक्केवारीसाठी एक लहान तक्ता पुरेसा आहे. जातीचा उल्लेख खासगी रुग्णालयाच्या अर्जात करण्याचे काहीही कारण नाही. शासकीय भरतीत तो विहित अर्जात व प्रमाणपत्रासह करावाच लागतो. छायाचित्र मागितले असेल तरच लावावे. एकूण मजकूर दोन पानांपलीकडे जाऊ नये, आणि पहिल्या नोकरीसाठी तो जाण्याचे कारणही नसते.

‘उद्दिष्ट’ या शीर्षकाखाली इंग्रजीत लिहिलेले एक भारदस्त वाक्य जवळजवळ प्रत्येक परिचयपत्रात असते. नामांकित संस्थेत आपल्या कौशल्यांचा उपयोग करून स्वतःची व संस्थेची प्रगती साधण्याविषयीचे हे वाक्य शेकडो परिचयपत्रांतून जसेच्या तसे फिरत असते. ते काढून टाकावे हा एकच उपाय आहे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थिनीला मुलाखतीत त्याच वाक्याचा अर्थ विचारला गेला, तर तिची जी अवस्था होते ती टाळता येण्यासारखी आहे. साध्या, छोट्या, स्वतःला समजणाऱ्या इंग्रजी वाक्यांत लिहिलेले परिचयपत्र कोणत्याही उसन्या भाषेपेक्षा सरस ठरते. इंग्रजीच्या अध्यापकांना येथे बरेच काही करता येईल.

नोंदवहीतील अनुभव

परिचर्येच्या शिक्षणात प्रात्यक्षिकांच्या नोंदी सक्तीच्या असतात. बी.एस्सी. नर्सिंगच्या आधीच्या, वार्षिक पद्धतीच्या अभ्यासक्रमात प्रसविका म्हणून नोंदणीसाठी ३० गर्भवतींची तपासणी, २० सामान्य प्रसूती स्वतः करणे, २० प्रसूत मातांची परिचर्या, ५ नवजातांचे पुनरुज्जीवन, ५ तांबी बसविणे, दोन शस्त्रक्रियेच्या प्रसूतींस साहाय्य अशा किमान अटी होत्या. याच अभ्यासक्रमात अखेरच्या वर्षी २४ आठवड्यांची, एकूण ११५० तासांची आंतरवासिता होती. २०२१ च्या सुधारित, सत्र पद्धतीच्या अभ्यासक्रमात आठव्या सत्रात २२ आठवड्यांची आंतरवासिता असून ती आठवड्यास ४८ तासांप्रमाणे करावयाची असते. हे सर्व काम तारखेनिशी, पर्यवेक्षकाच्या स्वाक्षरीनिशी नोंदवहीत लिहिलेले असते. परीक्षा संपली की ही नोंदवही महाविद्यालयाच्या कपाटात जाते किंवा वसतिगृह सोडताना रद्दीत जाते.

परिचयपत्राचा खरा मजकूर या वहीत आहे. ‘प्रसूतिशास्त्राचा अनुभव’ असे मोघम लिहिण्याऐवजी पुढीलप्रमाणे लिहिता येते : प्रसूतिकक्ष, जिल्हा रुग्णालय, पाच आठवडे, देखरेखीखाली स्वतः केलेल्या सामान्य प्रसूती २०, साहाय्य केलेल्या शस्त्रक्रिया-प्रसूती २, नवजात पुनरुज्जीवन ५. अतिदक्षता विभागाविषयी लिहिताना विभागातील खाटांची संख्या, तेथे काढलेले आठवडे आणि हाताळलेली उपकरणे यांचा उल्लेख करावा. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णाची परिचर्या केली असेल तर तसे लिहावे. यंत्र लांबून पाहिले असेल तर लिहू नये.

येथे एका अवघड बाबीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. नोंदवहीतील सर्व नोंदी खऱ्या असतातच असे नाही. एका प्रसूतिकक्षात तीन महाविद्यालयांच्या विद्यार्थिनी एकाच वेळी येत असतील, तर प्रत्येकीच्या वाट्याला २० प्रसूती येणे गणितदृष्ट्याही कठीण आहे, आणि मग एकीची नोंद दुसरी उतरवून घेते. अध्यापक हे जाणतात आणि स्वाक्षरी करतात. परीक्षेपुरता हा प्रश्न निभावून जातो. परंतु तीच संख्या परिचयपत्रात लिहून विद्यार्थिनी एखाद्या चाळीस खाटांच्या रुग्णालयात रात्रपाळीस एकटी उभी राहते आणि प्रसूतीनंतर वार अडकून रक्तस्राव सुरू होतो, तेव्हा खोट्या नोंदीची किंमत दुसरीच कोणी स्त्री मोजत असते. यासाठी नोंदवहीत आणि परिचयपत्रात ‘पाहिले’, ‘साहाय्य केले’ व ‘स्वतः केले’ असे तीन वेगळे रकाने ठेवण्याची शिफारस प्रस्तुत लेखक करू इच्छितो. स्वतः केलेल्या प्रसूती सातच असतील तर सात लिहाव्यात. जाणकार अधिसेविकेला सात ही संख्या वीसपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते, कारण तिनेही त्याच प्रसूतिकक्षांत दिवस काढलेले असतात. सात हा आकडा वाचून ती नव्या परिचारिकेस काही आठवडे अनुभवी सहकारिणीबरोबर ठेवू शकते.

रुग्णाचे नाव, केसपेपर क्रमांक किंवा छायाचित्र परिचयपत्रात वा मुलाखतीत दाखवावयाच्या संचिकेत कोठेही येता कामा नये. ही सूचना अनावश्यक वाटेल, परंतु मोबाईलवर काढलेली वॉर्डातील छायाचित्रे संचिकेत लावण्याची पद्धत अलीकडे रूढ होऊ लागली आहे.

नाव, नोंदणी व कागदपत्रे

महाराष्ट्रात परिचारिकेची नोंदणी १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखालील महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते आणि दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. राष्ट्रीय स्तरावर १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद अधिनियमाची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा संमत केला. प्रयोगशाळा, क्ष-किरण, भौतिकोपचार आदी व्यवसायांसाठी असाच कायदा २०२१ मध्ये झाला आहे. नोंदणीवाचून परिचारिका म्हणून काम करणे नियमबाह्य आहे. तरीही ‘नोंदणी होईपर्यंत या, नंतर पाहू’ असे सांगणारी रुग्णालये भेटतात. असा काळ पुढे अनुभव म्हणून मान्य होण्याची शाश्वती नसते. निकालानंतर नोंदणीचा अर्ज लगेच करणे हे म्हणूनच नोकरीच्या शोधाचे पहिले पाऊल होय.

नावाचा प्रश्न आपल्याकडे विशेष गुंतागुंतीचा आहे. दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव प्रथम व नंतर स्वतःचे आणि वडिलांचे नाव असते. पारपत्रावर आडनाव वेगळ्या रकान्यात जाते. आधारपत्रावर कधी वडिलांचे नावच नसते. शिक्षण सुरू असताना विवाह झाला तर अंतिम वर्षाचे गुणपत्रक एका नावाने आणि नोंदणी दुसऱ्या नावाने अशी स्थिती उद्भवते. राज्यातील नोकरीत हे विवाह प्रमाणपत्र व राजपत्रातील प्रसिद्धी यांवर निभावते. परदेशातील पडताळणीत मात्र एका अक्षराच्या फरकानेही प्रकरण महिनोन्महिने अडकते. प्रवेशाच्या वेळीच दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे इंग्रजी वर्णलेखन निश्चित करून तेच अखेरपर्यंत वापरावे, आणि नावात बदल करावयाचा असल्यास तो नोंदणीपूर्वी करावा की नंतर याचा निर्णय विद्यार्थिनीने समजून-उमजून घ्यावा.

शासकीय भरतीसाठी परिचयपत्राचा उपयोग नाही. तेथे विहित अर्ज, लेखी परीक्षा व कागदपत्रे यांचेच राज्य असते. अधिवास, जात व जातवैधता, उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला, संगणक अर्हता, लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र ही कागदपत्रे जाहिरात निघाल्यावर जमवू लागणारी उमेदवार बहुधा मुदतीत अर्ज पूर्ण करू शकत नाही.

पहिली नोकरी कोठे करावी

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा घराजवळ मिळेल तेथे असे दिले जाते. त्यामागील कौटुंबिक कारणे खरी आहेत आणि त्यांची थट्टा करण्याचे कारण नाही. तथापि पहिल्या नोकरीचे अनुभव प्रमाणपत्र पुढील दहा वर्षे बरोबर राहते, याचा विचार निवड करतानाच व्हावयास हवा. याचे एक ठळक उदाहरण घेऊ. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थांतील नर्सिंग ऑफिसर पदासाठी २०२० पासून ‘नॉरसेट’ ही सामाईक परीक्षा घेतली जाते. बी.एस्सी. नर्सिंगच्या पदवीधराला तिच्यासाठी अनुभवाची अट नाही. जी.एन.एम. पदविकाधारकास मात्र अर्हता मिळाल्यानंतर किमान ५० खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षे काम केल्याचा अनुभव आवश्यक असतो. तालुक्याच्या ठिकाणची अनेक प्रसूतिगृहे व शुश्रूषागृहे पंधरा ते तीस खाटांची असतात. तेथे मनापासून चार वर्षे काम केलेली जी.एन.एम. परिचारिका या परीक्षेस अपात्र ठरते, आणि तिला हे कळते तेव्हा वयोमर्यादाही जवळ आलेली असते. याच भरतीत ८० टक्के पदे स्त्रियांसाठी ठेवली जातात, त्यामुळे पुरुष उमेदवारांची स्पर्धा अधिक तीव्र असते हेही विद्यार्थ्यांना आधी सांगितले पाहिजे.

खाटांची संख्या विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाखाली मिळालेल्या प्रमाणपत्रावर ती लिहिलेली असते. लहान रुग्णालयात काम करूच नये असा याचा अर्थ नाही. तेथे प्रसूती, शस्त्रक्रियागृह व बाह्यरुग्ण विभाग अशी सर्व कामे एकाच परिचारिकेस शिकता येतात, जे मोठ्या रुग्णालयात वर्षानुवर्षे घडत नाही. पण ते कशाच्या मोबदल्यात, हे माहीत असावे. बी.एस्सी. पदवीधरांसाठी आणखी एक मार्ग उपकेंद्रांवरील समुदाय आरोग्य अधिकारी या कंत्राटी पदाचा आहे. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजनेतून तो खुला झाला. तेथील काम समुदाय आरोग्याचे असते. ज्यांना पुढे अतिदक्षता परिचर्येत जावयाचे आहे, त्यांनी तो फरक ध्यानात घ्यावा.

मुलाखतीविषयी फारसे लिहिण्याची गरज नाही. खासगी रुग्णालयांत ती बहुधा वॉर्डाच्या शेजारच्या खोलीत होते आणि दहा मिनिटांत संपते. प्रश्न ठरीव असतात : ५०० मि.लि. द्रव आठ तासांत द्यावयाचा आहे, एका मि.लि.मध्ये वीस थेंब पडणारा संच आहे, तर मिनिटाला किती थेंब सोडाल? उत्तर २१ असे येते. कागदाशिवाय ते काढता आले पाहिजे. हृदयक्रिया बंद पडलेल्या रुग्णाबाबतचा क्रम, जैववैद्यकीय कचऱ्याचे रंग आणि चुकीचे औषध दिले गेल्यास काय कराल, हे प्रश्नही नेहमीचे आहेत. शेवटच्या प्रश्नाला ‘मी चुकणार नाही’ असे उत्तर देणारी उमेदवार नाकारली जाते, आणि ते योग्यच आहे.

नियुक्तिपत्र व मूळ प्रमाणपत्रे

नियुक्तीच्या दिवशी मूळ गुणपत्रके व नोंदणी प्रमाणपत्र कार्यालयात जमा करण्यास सांगण्याची प्रथा खासगी क्षेत्रात दीर्घकाळ चालत आली आहे. एक किंवा दोन वर्षांचा सेवाबंध लिहून घ्यावयाचा आणि तो पूर्ण होईपर्यंत प्रमाणपत्रे अडकवून ठेवावयाची, असे तिचे स्वरूप असते. २०११-१२ मध्ये मुंबई, दिल्ली, कोलकाता व केरळमधील खासगी रुग्णालयांतील परिचारिकांनी जी आंदोलने केली, त्यांच्या मुळाशी तुटपुंज्या वेतनाइतकाच हाही प्रश्न होता. परिचारिकांच्या संघटनेने या परिस्थितीविरुद्ध केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या जानेवारीत निर्णय देऊन केंद्र शासनास समिती नेमण्याचा आदेश दिला. त्या समितीने २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात राज्य शासनाच्या परिचारिकेइतके वेतन, १०० हून अधिक खाटांसाठी फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटांसाठी फार तर २५ टक्के कमी आणि ५० खाटांहून लहान रुग्णालयात दरमहा किमान २०,००० रुपये अशी शिफारस केली. अंमलबजावणी राज्यांवर सोपविली गेली, आणि प्रत्यक्ष नियुक्तिपत्रांवरील आकडे या शिफारशीजवळ पोहोचलेले क्वचितच दिसतात. तरीसुद्धा हे आकडे विद्यार्थिनीला माहीत असणे इष्ट आहे. वेतनाविषयी बोलताना स्वतःच्या मनातील रकमेऐवजी तिला एका अधिकृत शिफारशीचा आधार घेता येतो.

मूळ कागदपत्रे पडताळणीसाठी दाखवावीत, स्वसाक्षांकित प्रती द्याव्यात आणि मूळ परत घ्यावीत, एवढे वाक्य विद्यार्थिनीला पाठ असावे. ते उच्चारणे वाटते तितके सोपे नाही. एकवीस-बावीस वर्षांची, पहिल्यांदाच शहरात आलेली मुलगी व्यवस्थापकासमोर एकटी असते. तिच्यामागे महाविद्यालय उभे आहे असे दिसले तर फरक पडतो. प्राचार्यांनी भरतीस येणाऱ्या रुग्णालयांना ‘आमच्या विद्यार्थिनींची मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतली जाणार नाहीत’ अशी लेखी अट घालावी, आणि ती न मानणाऱ्या संस्थेस महाविद्यालयात भरतीची परवानगी देऊ नये. काही महाविद्यालये स्वतःच शुल्काच्या बाकीपोटी विद्यार्थिनींची प्रमाणपत्रे अडवितात. त्यांना अशी अट घालण्याचा नैतिक अधिकार उरत नाही, हे येथे स्पष्टपणे नमूद करावेसे वाटते.

नोकरी सोडताना घ्यावयाच्या अनुभव प्रमाणपत्रावर पदनाम, रुजू झाल्याचा व कार्यमुक्तीचा दिनांक, विभाग, रुग्णालयातील खाटांची संख्या आणि सही करणाऱ्याचे नाव व हुद्दा असावा. खाटांची संख्या नसलेले प्रमाणपत्र वर उल्लेखिलेल्या परीक्षेसाठी निरुपयोगी ठरू शकते, आणि बंद पडलेल्या किंवा हस्तांतरित झालेल्या रुग्णालयाकडून दुसरे प्रमाणपत्र मिळविणे जवळजवळ अशक्य असते.

महाविद्यालयाच्या कार्यालयातील काम

आखाती देशांतील आरोग्य प्राधिकरणे उमेदवाराची अर्हता मूळ स्रोताकडून पडताळून घेतात. म्हणजे विद्यार्थिनीने दिलेल्या प्रमाणपत्रावर न थांबता पडताळणी संस्था थेट महाविद्यालयास, विद्यापीठास व परिषदेस विचारणा करते. ब्रिटन, आयर्लंड येथील नियामक संस्थाही शिक्षणाच्या तासांचा तपशील मागवू शकतात. २०१५ पासून परिचारिकांना आखातासह १८ देशांत नोकरीसाठी जाताना उत्प्रवास परवानगी आवश्यक झाली, त्यामुळे कागदपत्रांची छाननी अधिकच काटेकोर झाली आहे. विद्यार्थिनीची बाजू पूर्ण असूनही तिची फाईल थांबते ती बहुतेक वेळा कार्यालयात आलेल्या ई-पत्राला कोणी उत्तर न दिल्यामुळे. जुना लिपिक निवृत्त झालेला असतो, नोंदवही तळमजल्यावरील खोलीत असते, आणि पत्र इंग्रजीत असल्याने ते ‘साहेब आल्यावर पाहू’ या गठ्ठ्यात पडते.

यासाठी फार मोठ्या यंत्रणेची गरज नाही. प्रत्येक तुकडीच्या अखेरीस विद्यार्थिनीनिहाय विषयवार तास, प्रात्यक्षिकांची ठिकाणे व आठवडे, आणि ‘पाहिले, साहाय्य केले, स्वतः केले’ या तीन रकान्यांतील संख्या असा एक पानाचा उतारा तयार करून त्याची एक प्रत विद्यार्थिनीस व एक कार्यालयात ठेवावी. पडताळणीच्या पत्रांसाठी एका अध्यापकाचे नाव निश्चित करून त्याचा ई-पत्ता परिषदेस कळवावा आणि आलेल्या प्रत्येक पत्राची आवक-जावक नोंद ठेवावी. उताऱ्याचे काम अंतिम परीक्षेपूर्वी, म्हणजे विद्यार्थिनी व तिची नोंदवही दोन्ही महाविद्यालयात असताना झाले पाहिजे. वसतिगृह रिकामे झाल्यानंतर ते करणे कोणालाही जमलेले नाही.